शेपटीतली दारं

१४ जुलै २०२५, सोमवार. आष्टा.

ही वही डेअरीनं दिली ती रेतनाच्या नोंदीसाठी. कुणाची म्हैस, माजावर कधी आली, कोणत्या वळूच्या वीर्याची कांडी सोडली, एवढं लिहायचं. यंदा एक वही जादा आली. तिच्यात मी माझंच लिहिणार आहे, कारण आज मनात जे आलं ते कुणाला सांगितलं तर लोक तोंडावर थुंकतील.

अतिशयच्या बायकोला दिवस गेले. अतिशय म्हणजे माझा धाकटा भाऊ, बँकेत क्लार्क. गोठ्याजवळ उभा राहिला तरी शिंकत सुटतो. ब्राह्मीशी त्याचं लग्न होऊन अजून वर्ष व्हायचंय. आणि मी, भरतेश रायगोंडा पाटील, वय सदतीस, पंधरा वर्षं आष्टा आणि आसपासच्या सात गावांतल्या म्हशी भरवतोय. माझ्या हातानं गाभण राहिलेली जनावरं हजारांत आहेत. लोक मला डॉक्टर म्हणतात. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली आणि आमच्या खोलीत पाळणा नाही.

डेअरीतला आकाराम सगळ्यांसमोर म्हणाला, "डॉक्टर, आता एक कांडी घरला न्या की!" सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन मोटरसायकलला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

आईनं लाडू वळले. मी दोन खाल्ले. पण मला आनंद झाला नाही. पुतण्या होणार आणि मला आनंद झाला नाही, हे इथं लिहून ठेवतो.

२२ जुलै, मंगळवार.

बायकोच्या, श्रद्धाच्या हट्टापायी मिरजेला गेलो. मिरजेत पावलोपावली दवाखाने. स्टँडवर उतरलं की रिक्षावाला आधी विचारतो, कुठला आजार? त्याला काय सांगायचं हेच कळेना. श्रद्धानं सरळ सांगितलं, मूल होत नाही त्याचा. मी दुसरीकडं बघत बसलो.

डॉक्टर बाईंना मी पहिल्यांदाच सांगून टाकलं की माझं मी तपासलंय. चार वर्षांपूर्वी डेअरीच्या केंद्रात, दुपारची सामसूम बघून, कडी लावून, आमच्याच सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं होतं. कांडी चांगली की खराब हे मी एका नजरेत सांगतो. माझी फर्स्ट क्लास चाल होती. सरळ, झपाझप. त्याच दिवशी आईला म्हटलं होतं, माझ्यात काही नाही. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "तरी एकदा इथं द्या." फाइलवर फोन नंबर विचारला तेव्हा मी श्रद्धाचाच दिला. तपासण्या तिच्याच होणार, मला कशाला रोज फोन?

लॅबमध्ये एक शिवतेज नावाचा माणूस आहे. अंडी आणि शुक्राणू काचेच्या ताटलीत जुळवायचं काम त्याचं. धड डॉक्टर नाही, तरी सगळे डॉक्टर डॉक्टर करतात. श्रद्धाला बघून म्हणाला, "अगं श्रद्धा, तू?" सांगलीला कॉलेजात तिच्या एक वर्ष पुढं होता म्हणे. अगं! मग दोघं कुठल्याशा मास्तरांच्या आठवणी काढून हसली. माझ्या बायकोला एवढं हसता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

माझा रिपोर्ट उत्तम आला. संख्या चांगली, चाल चांगली. परतीच्या एसटीत मी म्हटलं, "म्हटलं नव्हतं का?" ती खिडकीबाहेर बघत होती.

३० ऑगस्ट, शनिवार.

पर्युषण चालू आहे. आई एकदाच जेवते, पण सगळ्यांत बसून. श्रद्धा तर पर्युषणाच्या आधीपासूनच सगळ्यांच्या मागून जेवते, स्वयंपाकघरात, भिंतीकडं तोंड करून. विचारलं तर म्हणते, मला भूक नाही. चांगलीच बारीक झालीय. पुढच्या महिन्यात मिरजेला सारखं जायचंय, त्याची तर ही तयारी नव्हे? काल आरशासमोर उभी होती. मी आत गेलो तशी बाजूला झाली.

ब्राह्मी चिंच मागते. आई लगेच उठते.

१८ सप्टेंबर, गुरुवार. मिरज.

बारा दिवस श्रद्धानं पोटात सुया घेतल्या, तिच्या तिनंच. खांद्यापर्यंत हात म्हशीत घालणारा मी, पण तिला सुई टोचायला माझा हात धजला नाही. आज भूल देऊन अंडी काढली. नऊ. शिवतेज बाहेर येऊन म्हणाला, "नऊ मिळाली, छान झालं." हे त्यानं श्रद्धाच्या आईला सांगितलं, त्या फलटणहून आल्यात म्हणून. मी शेजारीच उभा होतो.

आज रात्री ताटलीत त्या नऊ जणींभोवती माझे हजारो सोडणार. शर्यत फार लांबची नाही, एका ताटलीत आहे. जिंकायला काय हरकत?

१९ सप्टेंबर, शुक्रवार.

फोन श्रद्धाला आला. एकही नाही. नऊच्या नऊ तशीच. भोवती गर्दी करून सगळे पोहत राहिले, आत कुणी शिरलंच नाही.

मी म्हटलं, कवच जाड असेल तुझ्या अंड्यांचं. ती उठून आत गेली. बाथरूमचा नळ बराच वेळ चालू होता.

आईनं विचारलं काय झालं. मी म्हटलं, जमलं न्हाई. आईनं श्रद्धाकडं बघितलं, माझ्याकडं नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.

मिरजेला माझं परत एकदा मागितलं. "कशाला?" म्हटलं. शिवतेज म्हणाला, "एक वेगळी तपासणी करून बघू." दिलं. त्याला माझ्याविषयी एवढी उत्सुकता का, हे मला कळत नाही. की माझ्याविषयी नाहीच?

४ ऑक्टोबर, शनिवार.

पेन जोरात दाबतोय, कागद फाटेल.

श्रद्धाचा मोबाइल चार्जिंगला होता. वाजला म्हणून बघितला. शिवतेजचा मेसेज होता: "त्यांना कधी सांगायचं मग?" त्याच्या वर तिचा, परवाचा: "त्यांना आत्ताच सांगू नका. त्यांना सोसणार नाही. मी वेळ बघून सांगते." फोनच्या यादीत आठ दिवसांत सहा वेळा त्याचं नाव.

मला सोसणार नाही असं काय आहे? आता विचारण्यासारखं काय राहिलंय? मी मूर्ख. स्वतः एसटीचं तिकीट काढून तिला त्याच्यासमोर नेऊन उभं केलं.

५ ऑक्टोबर, रविवार.

बोललो. नको ते सगळं बोललो. नऊ वर्षं माझ्या घरात राहून तिकडं जीव लावलास, म्हणालो. भूक लागत नाही ती कुणासाठी, तेही विचारलं. ती एवढंच म्हणाली, "झालं तुमचं?" मग कपाटातून एक पिशवी भरली आणि साडेदहाच्या गाडीनं फलटणला माहेरी गेली. मेसेजचा अर्थ तिनं सांगितला नाही. मी विचारलाही नाही, मला अर्थ ठाऊक होता.

आई म्हणाली, "जाऊ दे रं. लय लाडावलीती."

७ ऑक्टोबर, मंगळवार.

शिवतेजला जाब विचारायला गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. तो डबा खात होता. मी म्हटलं, "माझ्या बायकोशी तुमचं काय बोलणं चालतं?"

त्यानं डबा झाकला, हात धुतले. म्हणाला, "तुमचा रिपोर्ट आलाय दहा दिवसांपूर्वी. फाइलवर दोघांसाठी तुम्ही त्यांचाच नंबर दिलाय. नियमानं मी आधी तुम्हाला गाठायला हवं होतं, तेवढी चूक माझी. त्या म्हणाल्या, जरा थांबा, मी सांगते. रोज फोन करून विचारायच्या, यावर औषध आहे का, त्यांना कमीपणा वाटणार नाही असं कसं सांगू."

मी विचारलं, "कसला रिपोर्ट?"

मग त्यानं माझा गोठवून ठेवलेला नमुना काढला आणि मला सूक्ष्मदर्शकावर बसवलं. आधी साध्या पाण्यासारख्या द्रवात माझे. तीच झपाझप चाल. मी म्हटलं, "फर्स्ट क्लास." तो म्हणाला, "आता हे बघा." दुसरी काच होती, घट्ट द्रवाची, गर्भाशयाच्या वाटेवर असतो तसला. त्यात माझे शेपूट बारीक हलवत जागच्या जागी अडकले होते. तिसरी काच तशाच घट्ट द्रवाची, पण आत दुसऱ्या कुणाचे तरी शुक्राणू. ते चाबूक फिरवावा तसे शेपूट फटकारत वाट काढत होते.

शिवतेजनं समजावलं. शुक्राणूच्या शेपटीत बारीक दारं असतात, कॅल्शियम आत घ्यायची. एरवी ती किलकिली असतात. अंड्याजवळ गेलं की तिथल्या संप्रेरकाचा इशारा मिळतो, दारं सताड उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि शेपूट साधी चाल सोडून फटकारे मारायला लागतं. त्या फटकाऱ्यांशिवाय कवच फुटत नाही. माझी दारं उघडतच नाहीत. बहुतेक जन्मापासूनच.

"साध्या तपासणीत हे दिसत नाही," तो म्हणाला. "चाल चांगलीच दिसते."

मी विचारलं, "ती तिसरी काच कुणाची?" म्हणाला, नाव सांगता येत नाही. बाहेर बाकावर चार पुरुष बसले होते. एकाचा शर्ट इस्त्रीचा, एकाला टक्कल. मी चौघांकडं आळीपाळीनं बघितलं, आणि चौघांचाही मला राग आला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.

व्यालेली म्हैस कॅल्शियम उतरून आडवी पडते, मान पोटाकडं वळवून. आमचे पशुवैद्य शिरेतून एक बाटली चढवतात, अर्ध्या तासात म्हैस उठून वैरण खाते. हे मी शेकडो वेळा डोळ्यांनी बघितलंय. मग माणसाला का लागू पडू नये?

आठ दिवस झाले, डेअरीतलं म्हशींना पाजायचं कॅल्शियम मी सकाळ-संध्याकाळ पितोय. चव चुन्यासारखी, वरून गुळचट. आज आकारामनं गोठ्यामागं पकडलं. "डॉक्टर, तुमी दूध द्यायला लागलासा काय?" म्हणाला. त्याला दम दिला. पण पोटात इतकी कळ होती की दमात दम नव्हता.

शेवटी लाज गुंडाळून शिवतेजला फोन केला. तो हसला नाही, याचाही राग आला. म्हणाला, "पाटील, बंद करा ते आधी, मूतखडा होईल. कॅल्शियम तुमच्या अंगात भरपूर आहे. दारच उघडत नसेल तर अंगणात पोत्यांची थप्पी लावून काय होणार?" मी म्हटलं, मग उपाय? तो म्हणाला, उपाय आहे. एक शुक्राणू काचेच्या सुईनं उचलायचा आणि थेट अंड्यात नेऊन सोडायचा. फटकारा मारायची गरजच नाही.

"कोण उचलणार?"

"मी."

फोन ठेवला. म्हणजे माझं मूल झालं तर ते त्या माणसाच्या हातानं. हजारोंतून कुठला घ्यायचा ते तो ठरवणार. मी बाहेर बाकावर.

२१ ऑक्टोबर, मंगळवार.

पहाटे मंदिरात महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढवला. ब्राह्मीला आईनं हात धरून पायऱ्या चढवल्या. अतिशय मागून तिचा शालू सावरत होता. मी एकटा. गल्लीतल्या शालूबाईंनी विचारलं, "थोरली कुठं हाय?" आई म्हणाली, माहेरी. पुढं काही विचारायची गरज त्यांना पडली नाही. सगळं गाव काय समजायचं ते समजतं, आणि ते मीच समजावलेलं आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. फलटण.

मोटरसायकलनं आलो. विटा, मायणी, दहिवडी. माण तालुक्यात रस्त्यावर मेंढरांचा कळप आडवा आला, पाऊण तास गेला. तेवढा वेळ जास्त मिळाला याचं बरं वाटलं.

श्रद्धा ओट्यावर मेथी निवडत होती. मी म्हटलं, मला कळलं सगळं. चुकलो. ती मेथी निवडत राहिली. मग मी मूर्खासारखं म्हटलं, "पण त्याच्याशी तू हसलीस तेव्हा माझ्या जिवाची आग झाली, ते खरं आहे."

तिनं जुडी खाली ठेवली. "अहो, जळायचा मक्ता तुम्ही एकट्यानंच घेतलाय का?" ती म्हणाली. "ब्राह्मीचं पोट दिसायला लागल्यापासून मला तिच्यासमोर घास गिळत नाही. ती चिंच मागते, आई धावतात, आणि मला ताट भिरकावून द्यावंसं वाटतं. एवढीशी पोर आहे ती, मला ताई म्हणते. रात्री माझी मलाच लाज वाटते. आरशात पोटावर हात ठेवून बघते, कसं दिसेल म्हणून. कुणाला सांगायचं मी हे? तुम्हाला? तुम्ही माझ्याकडं बघत होता कुठं, तुम्ही तर शिवतेजकडं बघत होता."

तिनं परत जुडी हातात घेतली. मग म्हणाली, "माझ्यात काही नाही, असं आईंना तुम्ही सांगितलं होतं. चार वर्षं त्या एका वाक्यावर मी त्या घरात राहिले. ते वाक्य तुम्हीच परत घ्या. मी घेणार नाही. मग पुढचं बघू."

"नाही घेतलं तर?"

"तर इथंच आहे मी. शाळेत जागा आहे, विचारलंय मी."

ती आत गेली. सासूबाईंनी चहा दिला. ही वही पिशवीत होती, पहिल्यापासून वाचून काढली. शिवतेज पानोपानी आहे. पर्युषणातलं पान वाचलं आणि पुढं वाचवलं नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार. आष्टा.

सांगितलं नाही. सोमवारी आईचे गुडघे दुखत होते. काल पाहुणे होते. आज मलाच धीर झाला नाही. म्हशीचा माज ओळखायला चुकलो, कांडी वाया गेली.

एकदा हे बाहेर पडलं की आकाराम जन्मभर पुरवून खाईल. आणि अतिशय? तो काही बोलणार नाही, नुसता चष्मा पुसेल. ते जास्त लागेल.

२ नोव्हेंबर, रविवार.

ब्राह्मीचं डोहाळजेवण. गल्लीतल्या चाळीसभर बायका. आम्ही पुरुष बाहेर. मी पाण्याचा जार आत ठेवायला गेलो, तर शालूबाई आईला विचारत होत्या, थोरली आली न्हाई व्हय? आई म्हणाली, "न्हाई आली तेच बरं. नऊ वरसं झाली, तिच्या हातनं वटी कशी भरून घ्यायची?"

ब्राह्मी फुलांच्या दागिन्यांत बसली होती. तिनं मान खाली घातली.

जार माझ्या हातातच राहिला. मी म्हटलं, "आई, दोष माझा हाय. श्रद्धात काय न्हाई."

बांगड्यांचा आवाज थांबला. शालूबाई म्हणाल्या, "पर डॉक्टर, तुमीच तपासलंतं म्हनं?"

"तपासलं. नुसती चाल बघितली. चालीवर काय नसतंय. अंड्याजवळ गेल्यावर शेपटीतली दारं उघडावी लागत्यात, ती माझी उघडत न्हाईत. रिपोर्ट हाय मिरजेचा. तिला ठाऊक होतं आणि ती माझ्यासाठी गप्प बसली." एवढं चाळीस बायकांसमोर बोललो. एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, कसली दारं? कुणीतरी हसू दाबलं. माझे कान तापले होते. मग जार ठेवला आणि बाहेर आलो. पाणी सांडलं होतं पँटवर.

अतिशयनं चष्मा पुसला. मग खुर्ची सरकवून माझ्या शेजारी बसला, काही बोलला नाही. आणि ते लागलं नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार.

आई पहाटेच उठून तयार. नवं लुगडं, हातात डबा. मी म्हटलं, "कुठं?" "फलटनला." मी म्हटलं, थांब, मी येतो, गाडी ठरवतो. म्हणाली, "तू कशाला? तू तुझ्या म्हशी बघ."

दारात थांबली. पाठ माझ्याकडंच होती. "तू व्हायच्या आधी पाच वरसं मी ऐकून घेतलंय ह्या घरात. कुनाच्या वटीला हात लावू दिला न्हाई मला. आन् तेच मी तिला केलं. मला माज आला हुता, पोरं झाल्याचा." मग अतिशयबरोबर स्टँडवर गेली.

ती दुपारपर्यंत पोचेल. श्रद्धाला माझ्या आधी आई भेटणार. दिवसभर तीन म्हशी भरवल्या आणि दिवसभर मला आईचा हेवा वाटत होता.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

दोघी दुपारी उतरल्या. मी पिशवी घ्यायला पुढं झालो, तर श्रद्धा आईला हात देत होती. आईनं गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सुनंला घिऊन आले." माझ्याकडं श्रद्धानं बघितलं, पण लगेच आत गेली. मी पिशवी घेऊन मागं मागं.

संध्याकाळी म्हणाली, "सोमवारपासून परत सुया. या वेळी तुम्ही टोचायच्या. आणि शिवतेजला फोन तुम्हीच करा."

केला. ती समोरच बसली होती. तो जरा दचकलाच. मी म्हटलं, "आम्ही परत येतोय. तुम्हीच असणार ना त्या दिवशी?"

"मीच."

"एका अंड्याला एकच उचलणार?"

"एकच."

मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. ते सुचलं नाही. म्हटलं, "मग नीट बघून उचला. घाई करू नका."

"नाही करत, पाटील," तो म्हणाला.

फोन ठेवला. श्रद्धानं विचारलं, "जळलं?"

"व्हय."

"थोडं?"

"लय."

ती हसली. मग म्हणाली, "मलापण जळायचंय उद्या. ब्राह्मीची सोनोग्राफी आहे सांगलीला. अतिशय भाऊजींना सुटी नाही, मी जाणार आहे तिच्याबरोबर. बाळ दाखवतील पडद्यावर."

मी म्हटलं, गाडी मी आणतो, तिघं जाऊ.